खांद्यावरची चार बोटं

आमच्या मापनखोलीच्या भिंतीवर एक कागद होता. मास्तरांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलेला: ‘मुलाला सरळ उभे राहा असे म्हणू नये. हात लावू नये.’ खाली जाड रेघ. कागद पिवळा पडला, कोपरे उलटले, तरी त्यांनी तो बदलला नाही आणि मी एकोणीस वर्षं रोज सकाळी त्याच्यावरची धूळ पुसली. आता त्या कागदाची आठवण झाली की आधी मास्तरांचा राग येतो, मग स्वतःचा येतो. स्वतःचा जास्त वेळ टिकतो.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, मुलांच्या हाडांच्या विभागात, ते पाठीची मापं घेणारे तंत्रज्ञ होते आणि मी तिथली नर्स. मशीन मला त्यांनी शिकवलं म्हणून मी त्यांना मास्तर म्हणायचे. मुलं झेब्राकाका म्हणायची, कारण ते मुलांच्या पाठीवर पट्टे उमटवायचे.

काम सांगायला सोपं आहे. पडदे ओढलेल्या खोलीत मूल पाठ उघडी करून उभं राहायचं. मागच्या प्रोजेक्टरमधून त्याच्या पाठीवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा उजेड पडायचा. सपाट पाटीवर हे पट्टे सुतासारखे सरळ दिसतात. पाठीवर पडले की जिथं उंचवटा तिथं वाकतात आणि जिथं खळगा तिथं उलट्या बाजूला वाकतात. थोडा तिरका बसवलेला कॅमेरा ते वाकणं टिपतो आणि त्यावरून कॉम्प्युटर अख्ख्या पाठीचा आकार उभा करतो: कुठली बाजू किती मिलिमीटर वर आलीय, पाठ किती पिळलीय. सहा महिन्यांनी पुन्हा माप घ्यायचं आणि जुन्या आकारावर नवा ठेवून बघायचा. पिळाचा आकडा सातच्या वर गेला तर एक्स-रे, नाही तर घरी. वाढत्या वयाच्या पोरांना सारखे एक्स-रे नकोत म्हणून हा सगळा खटाटोप. ना सुई, ना औषध. फक्त उजेड.

मास्तर भारी शिस्तीचे. सकाळी आल्या आल्या, चहाच्याही आधी, ते पांढरी पाटी स्टँडला लावून तिच्यावर पट्टे पाडून बघायचे. पट्टा केसभर वाकला तरी मशीन पुन्हा जुळवायचे, मग बाहेर पोरांची कितीही रांग लागो. पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट त्यांनी जन्मात घातला नाही. “पट्ट्यांवर पट्टे पडले तर मशीनला वेड लागेल,” असं म्हणायचे, जणू रोज त्यांचाच फोटो काढायचा होता. लोकांच्या घरी गेले की भिंतीवरून हात फिरवून इथं फुगलीय, इथं बसलीय, असं सांगत बसायचे. त्यांच्या बायकोला मी वहिनी म्हणायचे. वहिनी म्हणायच्या, “ह्यांना माझ्या चेहऱ्यावरचा राग दिसत नाही, पण मोटारीच्या दारावरचा पोचा रस्त्यापलीकडून दिसतो.”

पण खरी मजा आई-बापांची. पोरगं पाठ करून उभं राहिलं की कुणीतरी हमखास ओरडायचं, “अरे ताठ उभा राहा! घरी सांगून सांगून दमलो.” मास्तर चष्म्यावरून त्यांच्याकडे बघायचे. “साहेब, ताठ घरी. इथं जसा आहे तसा हवाय.” एकदा एका बाईनं पुढं होऊन लेकाचा खांदा नीट करायला घेतला, तर हे म्हणाले, “आई, हात मागे घ्या. तुमचा हात मोजायला नाही बसलो मी.” बाई ओशाळल्या. पोरगं खूश झालं. एरवी घरात कुणी त्याला पोक काढून उभं राहू देत नसणार. मुलं त्या खोलीत निवांत असायची ती ह्यामुळेच. अख्ख्या जगात तेवढी एकच जागा होती जिथं त्यांना कुणी नीट उभं राहा म्हणत नव्हतं.

माझं काम त्याच्या आधीचं आणि नंतरचं. आधी केस वर बांधायचे, मानेच्या हाडावर एक आणि कमरेच्या दोन खळ्यांवर दोन अशा टिकल्या चिकटवायच्या. नंतर पडद्यावरच्या फोटोत माऊसनं पाठीची कड आखायची. कडेच्या बाहेरचं, म्हणजे दंड, केसांची सुटलेली बट, खुर्चीची पाठ, सगळं कॉम्प्युटर टाकून द्यायचा. ह्याला आम्ही कापणं म्हणायचो. कापण्यात माझा हात मास्तरांपेक्षा साफ होता. तेव्हा मी ते मिरवायचे.

मास्तरांना एकच मुलगी. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी झालेली, म्हणून जीव की प्राण. एका जागी बसेल तर शपथ, फाटकाला उलटी लटकायची, कपाटावर चढायची, म्हणून तिला सगळे खारू म्हणायचे. शाळा सुटली की हॉस्पिटलात यायची, आमच्या फिरत्या स्टुलावर गरागरा फिरायची आणि मास्तर “मशीन! मशीन!” असं ओरडत मागे धावायचे.

खारू अकरा वर्षांची असताना वहिनींनी तिला नवीन फ्रॉक शिवून घेतला. तो घालून ती आरशासमोर उभी राहिली तर एका बाजूनं घेर वर गेलेला. “शिंप्यानं घोळ घातला,” मास्तर म्हणाले. वहिनींनी दुसरा फ्रॉक घालून बघितला. तोही तसाच. वहिनी दुसऱ्या दिवशी दुपारी पोरीला घेऊन थेट आमच्या खोलीत आल्या. म्हणाल्या, “हजार पोरांची मापं घेता, हिचं एकदा घ्या.”

मी केस बांधले, टिकल्या लावल्या. मास्तरांनी पट्टे पाडले आणि बघत राहिले. खारू एका पायावर भार टाकून उभी होती, कंटाळलेली.

“नीट उभी राहा गं,” मास्तर म्हणाले. “काय हे पोक काढून.”

मला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. खारू जराशी ताठ झाली. मास्तर उठून तिच्या बाजूला गेले, तिच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला, थोडा खाली आणि थोडा पुढं दाबला. आवाज अगदी मऊ. “अशी. माझी शहाणी. आता हलू नको. सिस्टर, बटण दाबा.”

मी बटण दाबलं.

पडद्यावर खारूची पाठ आली आणि उजव्या खांद्यावर चार बोटं. बोटांवरसुद्धा पट्टे पडले होते, पेरापेरावर वाकले होते. मास्तर माझ्या मागं उभे होते. मी क्षणभर थांबले, ते काही म्हणतील म्हणून. ते काही म्हणाले नाहीत. मग मी कड आखली, खांद्याच्या जरा आतून, नेहमीसारखी सफाईनं. बोटं गेली. आकडा आला चार.

“बघ,” मास्तर बाहेर जाऊन वहिनींना म्हणाले, “शिंपी बदल.”

आता कुणी विचारेल, तू का नाही बोललीस? हा प्रश्न मी स्वतःला सतरा हजार वेळा विचारलाय. त्यांनी मला शिकवलं होतं, त्यांना कसं सांगू, हे एक. दुसरं असं की मलाही आकडा चारच यायला हवा होता. ती पोर माझ्या स्टुलावर गरागरा फिरायची. आणि मास्तरांनी मुद्दाम काही केलं असंही मला वाटलं नाही, अजूनही वाटत नाही. बाकीच्या पोरांकडे बघताना ते तंत्रज्ञ असायचे. तिच्याकडे बघताना बाप झाले, आणि सगळे बाप म्हणतात तेच म्हणाले. पण मी तर तिचा बाप नव्हते. मी तर शुद्धीवर होते. तरी मूग गिळून गप्प बसले.

सहा महिन्यांनी दुसरं माप. ह्या वेळी मास्तर खारूशी गप्पा मारत आधीच तिच्या बाजूला उभे होते, हात खांद्यावर. आकडा पाच. आणखी सहा महिन्यांनी तिसरं. पुन्हा पाच. तीनही वेळा बटण मी दाबलं, तीनही वेळा कड मी आखली. तिसऱ्या वेळी तर थांबलेही नाही, हात आपोआप आतून वळला. ह्या वर्षभरात पोर ताडमाड वाढली, उंचीनं वहिनींच्या कानापर्यंत आली. वहिनींनी दोनदा शिंपी बदलला.

चौथ्या वेळी मास्तर रजेवर होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, पंधरा दिवस पट्टी आणि काळा चष्मा. त्यांच्या जागी बदलीवर एक तरुण तंत्रज्ञ आली होती, नवी कोरी पदवी घेऊन. तिला खारू कोण हे माहीतही नव्हतं. वहिनी ठरल्या दिवशी खारूला घेऊन आल्या, बाहेर बाकावर बसल्या. खारू आत आली, पाठ करून उभी राहिली. पट्टे पडले. ती मुलगी बटण दाबणार तेवढ्यात खारू वळून म्हणाली, “थांबा ना. हात राहिला.”

“कसला हात?”

“बाबा ठेवतात ना, इथं.” तिनं स्वतःचा उजवा खांदा थोपटला. “आज कुणी नाही ठेवणार?”

त्या मुलीनं भिंतीवरच्या कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी खाली बघत टिकल्यांची डबी बंद केली.

“नाही हं,” ती मुलगी म्हणाली, “इथं जशी आहेस तसंच उभं राहायचं.”

आकडा आला सोळा. कापायला बाजूला काही नव्हतंच.

त्याच दिवशी एक्स-रे झाला. डॉक्टरांनी वहिनींना खुर्चीत बसवून सांगितलं की वाढीच्या वर्षात ब्रेस, म्हणजे अंगाभोवती कडक पट्टा, लावून वाकणं धरून ठेवता येतं, पण ती वेळ हिची निघून गेलीय. आता ऑपरेशन. कण्याच्या दोन्ही बाजूंना सळ्या. वहिनी एवढंच म्हणाल्या, “पण हे तर दर सहा महिन्यांनी बघत होते.”

मास्तर काळा चष्मा लावूनच आले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना नको म्हटलं होतं, पण आले. मी त्यांना हाताचं सांगितलं, खारू जे बोलली तेही सांगितलं. ते स्टुलावर बसले. मग म्हणाले, “मूळ फोटो काढा. न कापलेले.”

तीन फोटो ओळीनं पडद्यावर लावले. मास्तरांनी चष्मा काढला. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते ऑपरेशनचं की कशाचं, मी विचारलं नाही. त्यांनी स्वतःच माऊस घेतला, कड बोटांच्या बाहेरून आखली आणि माप पुन्हा घ्यायला लावलं. हळूहळू आकार उभा राहिला: खारूची पाठ आणि तिच्यावर एक पुरुषाचा हात, नखं, पेरं, शिरा, सगळं मिलिमीटरमध्ये.

“माप अगदी बरोबर आलंय,” मास्तर म्हणाले. “मशीन चांगलं जुळवलं होतं मी.”

ते डॉक्टरांकडे गेले आणि सगळं सांगून आले. डॉक्टर भले होते. म्हणाले, ब्रेस लावला असता तरी कदाचित हीच वेळ आली असती, कुणी सांगावं. मास्तर परत येऊन मला म्हणाले, “कदाचित. कदाचित हे काय माप आहे?” मग म्हणाले, “आज घरी गेल्यावर पोरीला सांगतो. तिच्या आईलाही.”

आणि इथं मी दुसऱ्यांदा चुकले. पहिल्यापेक्षा मोठी चूक. मी म्हणाले, “मास्तर, आत्ता नको. पोर आधीच घाबरलीय. तुमच्यावरचा विश्वास घेऊन तिला ऑपरेशनला जाऊ द्या. नंतर सांगा.” शहाणपणाचं वाटतं ना ऐकायला? मलाही वाटलं. पण त्यात माझा स्वार्थ होता, हे आज लिहून टाकते. ते बोलले असते तर फोटो कुणी कापले हेही निघालं असतं.

मास्तरांनी माझं ऐकलं. नंतर म्हणजे कधी, हे मीही सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही.

ऑपरेशन चांगलं झालं. खारू दोन इंच उंच झाली, पाठ सरळ, पण आता तिला कमरेतून वाकता येईना. फाटकाला उलटं लटकणं संपलं. मास्तरांनी तिच्यासाठी काय काय केलं नाही! शाळेत ने-आण केली, तिच्या उंचीचं टेबल स्वतः रंधा मारून बनवलं, त्याची फळी इतकी सपाट की तिच्यावर मशीन जुळवावं. पण तपासणीला आली की ते बाहेर बाकावर जाऊन बसायचे. आणि आणखी एक गोष्ट मला हळूहळू दिसायला लागली. त्यांनी तिला हात लावणं सोडलं. डोक्यावरून नाही, पाठीवरून नाही, खांद्यावर तर नाहीच. पोर परीक्षेत पहिली आली, वहिनींनी कवटाळली, मी गालगुच्चा घेतला, हे हात मागे बांधून हसत उभे.

मास्तर निवृत्त झाले त्या दिवशी सगळ्यांचा फोटो काढला. खारू त्यांच्या शेजारी उभी होती. फोटोवाला म्हणाला, “काका, मुलीच्या खांद्यावर हात ठेवा.” मास्तरांचे हात पाठीमागे होते ते तिथंच राहिले. वहिनी हसून म्हणाल्या, “आयुष्यभर मशीन धरलं, आता हात कुठं ठेवायचे ते ह्यांना सुचत नाही.” सगळे हसले. खारूही हसली. मी तिच्याकडे बघितलं आणि मला कळायला हवं होतं. मी कानाडोळा केला. त्यात माझी एव्हाना चांगली तयारी झाली होती.

गेल्या वर्षी मास्तर झोपेतच गेले. त्याच्या आधीच मीही निवृत्त झाले होते. तीनेक महिन्यांनी एका दुपारी दारावरची बेल वाजली. दारात खारू. सव्वीस वर्षांची, पोहण्याच्या तलावावर लहान मुलांना शिकवते, खांदे रुंद झालेले. हातात एक खाकी पाकीट.

“मावशी, बाबांच्या खणात सापडलं. भिंगं पुसायच्या फडक्यांखाली.”

मी न बघताच ओळखलं. तीन फोटो, न कापलेले. प्रत्येकाच्या मागं त्यांच्या वळणदार अक्षरात तारीख, आकडा आणि दोन शब्द: ‘हात लावला.’

“माझी पाठ आहे हे कळलं,” ती म्हणाली. “हात कुणाचा?”

मी सांगितलं. सगळं सांगितलं, शिंपी, बटण, कड, डॉक्टर, आणि ‘आत्ता नको’ हेही. चहा ठेवला होता तो उकळून आटला. ती टेबलावर फोटो पुन्हा पुन्हा ओळीनं लावत होती.

“मला वाटायचं,” शेवटी ती म्हणाली, “बाबांना माझ्या टाक्यांची किळस येते.”

“अगं, काय बोलतेस!”

“तेरा वर्षं वाटायचं. अख्ख्या तलावासमोर मी पाठ उघडी टाकून फिरते, मावशी. घरी आले की मात्र आधी टॉवेल. उन्हाळ्यात गळ्यापर्यंत कपडे. त्यांच्याकडे पाठ करून मी कधी बसले नाही, त्यांना बघावं लागू नये म्हणून. आणि त्यांना वाटलं असणार, मला माहीत आहे आणि मी रागावलेय.” ती थांबली. “आम्ही दोघं एका घरात असे राहत होतो.”

मी उठून गॅस बंद केला.

“पाठीचं काय, पाठ झाली दुरुस्त,” ती म्हणाली. “त्यांनी एका वाक्यात सांगितलं असतं तर मी दोन दिवस रडले असते, आठवडाभर बोलले नसते, झालं. तुम्ही त्यांना का अडवलंत?”

“स्वतःसाठी,” मी म्हणाले.

तिनं मान हलवली. माफ केलं नाही आणि मी माफी मागितलीही नाही. तिसरा फोटो उचलून तिनं पाकिटात घातला. “हा मी नेते. ह्यानंतरच्या एकाही फोटोत त्यांचा हात माझ्यावर नाही. आईकडच्या सगळ्या अल्बममध्ये बघून आले.” उरलेले दोन तिनं माझ्याकडे सरकवले. “हे तुमच्याकडे राहू द्या. आणि कापू नका.”

दारात ती सँडल घालायला बसली. वाकता येत नाही म्हणून गुडघ्यांत खाली बसली, पाठ ताठ, एक हात भिंतीला टेकून. तिला आधार द्यायला माझा हात पुढं गेला आणि खांद्यापाशी येऊन अडला. तिच्या ते लक्षात आलं. मागं न वळता ती म्हणाली, “ठेवा, मावशी. दुखत नाही. हेच सांगायचं होतं मला बाबांना.”

मी ठेवला. तेरा वर्षं उशिरा, आणि भलत्याच माणसाचा हात.